भिंतीला टेकलेली फावडी

बंधाऱ्यातून पाणी पुरेसं सुटतं, पाट दर वर्षी साफ होतो, वाटेत कुठे फुटलेलाही नाही. तरी पाणी शेवटच्या शेतापर्यंत पोहोचत नाही. मग ते जातं कुठे?

पिंपळदर गावात त्या वर्षी लहानथोर सगळेच या प्रश्नाने बेजार झाले होते. सर्वांत जास्त बेजार झाली होती अकरा वर्षांची चार्वी भदाणे, कारण ते शेवटचं शेत तिच्या घरचं होतं.

ही गोष्ट अजून घडायची आहे. वीसेक वर्षांनी घडेल असं धरून चाला. गाव पांझरा नदीच्या खोऱ्यातलं. नदीवर जुना दगडी बंधारा, बंधाऱ्यातून निघालेला पाट (शेतांपर्यंत पाणी नेणारा मातीचा कालवा), आणि पाटाच्या कडेने एकापुढे एक असे चार फड. फड म्हणजे शेजारशेजारच्या पुष्कळ शेतांचा मिळून झालेला एक मोठा पट्टा. एका फडात सगळ्यांनी एकच पीक घ्यायचं, पाणी पाळीपाळीने वाटून घ्यायचं, कुठल्या फडात काय लावायचं ते बैठकीत ठरवायचं, अशी तिथली फार जुनी रीत आहे. शेतात पाणी फिरवण्याचं काम पाटकऱ्याचं. पिंपळदरचे पाटकरी होते सुपडूआप्पा. वय ऐंशीच्या घरात, पण खांद्यावरचं फावडं सुटलं नव्हतं.

चौथ्या फडात गहू चिकात आला होता, म्हणजे दाण्यात दुधासारखा चीक भरत होता. नेमकं अशा वेळी पाणी चुकलं तर दाणा पोचट राहतो. मागच्या दोन पाळ्या चार्वीच्या शेतासाठी कोरड्याच गेल्या होत्या. तिचे वडील भटू यांनी घरात एकदाच सांगून टाकलं होतं, की ही पाळीही कोरडी गेली तर शेत सौरपट्ट्यांच्या कंपनीला दीर्घ मुदतीच्या कराराने द्यायचं आणि सुरतला निघायचं. आई दीपाली ते ऐकून पुन्हा भाकरी थापू लागली होती. चार्वीला मात्र त्या दिवसापासून जेवण गोड लागत नव्हतं. गावच्या शाळेत पाचवीच्या वर्गात ती एकटी होती, पण तो वर्ग तिचा होता.

गावात आता कुजबुज सुरू झाली होती. सुपडूआप्पा वरच्या फडातल्या कौतिकनानांना जास्त पाणी देतात, असं काही जण म्हणायचे. भटूंनी तर आप्पांशी बोलणंच टाकलं होतं. शेवटी तालुक्याच्या पाणी केंद्राकडे तक्रार गेली आणि केंद्राने एक यंत्रमानव पाठवला.

तो माणसासारखा अजिबात दिसत नव्हता. कमरेएवढा उंच, चार पाय, पाठीवर चपटी पेटी आणि पुढे बगळ्यासारखी लांब मान. बोलायचा मात्र शाळेतल्या गुरुजींपेक्षा शुद्ध. तो आला तेव्हा कौतिकनाना पारावर बसले होते. पाहुणे, चहा घेणार की तेल, असं त्यांनी विचारलं. मला दोन्ही लागत नाही, पण विचारलंत म्हणून आभारी आहे, असं त्याने इतक्या गंभीरपणे सांगितलं की सगळा पार हसला. तेव्हापासून त्याचं नाव पाहुणा पडलं. त्याला पाट दाखवायला चार्वीला पाठवलं. उन्हात एवढं चालायचा उत्साह दुसऱ्या कोणाला नव्हता.

पाहुण्याने आधी बंधारा तपासला. गळती नव्हती. मग पाटाला फुटणाऱ्या प्रत्येक बारीवर (फडात पाणी सोडायच्या तोंडावर) मान खाली घालून ओल मोजली. तिथेही काही काळंबेरं नव्हतं. पाणी पोहोचतं तिथवर सुपडूआप्पा प्रत्येक शेताला ठरलेलं तेवढंच पाणी देतात, असं त्याने सांगितलं. हे ऐकून चार्वीला बरं वाटलं आणि थोडी लाजही वाटली, कारण घरी तीही आप्पांबद्दल नको ते बोलली होती.

जसजसे ते खाली गेले तसतसा पाहुणा हळू चालू लागला. पहिल्या फडाजवळ पाट खोल आणि स्वच्छ होता. दुसऱ्या फडाजवळ तळाशी गाळ दिसू लागला. तिसऱ्याजवळ गवत कमरेएवढं होतं, आणि चौथ्या फडाशी तर पाट कुठला आणि बांध कुठला हे कळेना.

"पाणी कोणी चोरत नाही," पाहुणा म्हणाला. "स्वच्छ पाटात ते धावतं. गाळात आणि गवतात ते रेंगाळतं, आणि जितकं रेंगाळतं तितकं जमिनीत मुरतं. तुमच्यापर्यंत येताना ते संपून जातं. आता मला सांग, पाट साफ करायला किती माणसं येतात?"

चार्वीने सांगितलं, की घरटी एक माणूस येतं. आजपर्यंत एकाही घराने चुकवलेलं नाही. गावाला त्याचा अभिमान आहे, आणि दर वर्षी केंद्राला तसं कळवलंही जातं.

पाहुण्याने मान वर केली. एवढी माणसं असतील तर हा गाळ इथे असायला नको, असं तो म्हणाला. योगायोगाने दुसऱ्याच दिवशी शेवटच्या पाळीआधीची साफसफाई होती. ती पाहायचं त्याने ठरवलं.

सकाळी बंधाऱ्याचं दार बंद झालं. पाट रिकामा झाला. रीतीप्रमाणे नारळ फुटला आणि सुपडूआप्पा हजेरी घ्यायला उभे राहिले. बंधाऱ्याच्या भिंतीला फावडी ओळीने टेकवून ठेवली होती. आप्पा एकेका फावड्याला हात लावत घराचं नाव घेत गेले. देवरे आले. खैरनार आले. बोरसे आले. ओळ संपली तेव्हा त्यांनी समाधानाने मिशीवरून हात फिरवला. सगळं गाव हजर होतं.

पाहुण्याची मान भिंतीकडून माणसांकडे आणि माणसांकडून भिंतीकडे फिरली.

"फावडी चाळीस आहेत," तो म्हणाला. "बाकीची माणसं मागून येणार आहेत का?"

कौतिकनाना खाकरले. मग त्यांनीच सांगितलं, आणि सांगताना त्यांचा आवाज नेहमीसारखा नव्हता. फार वर्षांपूर्वी एकाचा पाय मोडला होता. साफसफाईला येता येईना, म्हणून त्याने शेजाऱ्याबरोबर आपलं फावडं पाठवलं. मन इथे आहे, एवढंच सांगायला. सगळ्यांनी त्याचं काम वाटून घेतलं आणि फावडं आलं म्हणजे माणूस आलं असं धरलं. पुढच्या वर्षी कोणाचा मुलगा परीक्षेला गेला, त्याचं फावडं आलं. मग कोणी नाशिकला नोकरीला लागला, कोणी सुरतेला. फावडी येत राहिली. ती नाकारणं बरं दिसलं नसतं.

चार्वीने तोपर्यंत माणसं मोजली होती. तिने पुन्हा मोजली. चाळीस फावड्यांमागे अकरा माणसं होती. तिचे वडील सोडले तर एकाचेही केस काळे नव्हते.

ही फावडी ती लहानपणापासून पाहत आली होती. भिंतीला टेकलेली ती लांबलचक ओळ पाहून तिला वाटायचं, केवढं मोठं आपलं गाव. आणि एवढ्या वर्षांत कोणाला, अगदी कोणालाही, फावड्यांऐवजी हात मोजावेसे वाटले नव्हते.

पण तिला एक गोष्ट पटेना. तिने पाहुण्याला बाजूला ओढलं आणि विचारलं, की गाव तर रिकामं नाही. आप्पा लहान होते तेव्हा गावात जेवढी माणसं होती, जवळजवळ तेवढीच आजही आहेत, हे शाळेत शिकवलंय. मग माणसं गेली कुठे?

"आकडा तोच आहे," पाहुणा म्हणाला. "आकार बघ. ढेकळं गोळा कर."

पाटाच्या काठावर वाळलेल्या गाळाची ढेकळं हवी तेवढी होती. पाहुण्याने तिला लोकसंख्येचा मनोरा करायला सांगितला (गावातली माणसं वयाप्रमाणे एकावर एक ओळींत मांडली की जो आकार होतो तो). सर्वांत खाली लहान मुलं, त्यावर तरुण, त्यावर मधल्या वयाची माणसं, आणि सर्वांत वर म्हातारी. आधी त्यांनी आप्पांच्या लहानपणीचं गाव मांडलं. आप्पांनाच विचारलं. खालची ओळ इतकी लांब झाली की ढेकळं कमी पडली. एकेका घरात सहा-सात पोरं असायची, असं आप्पा म्हणाले. वरची ओळ मात्र दोन-चार ढेकळांतच आटोपली, कारण तेव्हा साठी गाठणारी माणसं थोडी. रुंद बुडाची, वर निमुळती, देवळाच्या शिखरासारखी आकृती तयार झाली.

मग त्याच्या शेजारी आजचं गाव. पाहुणा विचारत गेला आणि चार्वी एकेक घर आठवत ढेकळं ठेवत गेली. खालची ओळ लगेच संपली. तरुणांची ओळ तर सुरू होते न होते तोच संपली. वरच्या ओळी मात्र लांबतच गेल्या.

तिने उभं राहून पाहिलं आणि तिचा हात तोंडावर गेला. मनोरा उलटा झाला होता. बुडाशी मूठभर ढेकळं आणि डोक्यावर एवढा पसारा. खरा असता तर केव्हाच कोसळला असता.

पाहुण्याने समजावलं, की हे कोणाच्या चुकीने झालेलं नाही. यातल्या दोन गोष्टी तर चांगल्याच आहेत. औषधोपचार सुधारले म्हणून माणसं जास्त जगतात. जन्मलेली मुलं जगतात, म्हणून आईबाप कमी मुलांवर थांबतात. तिसरी गोष्ट स्थलांतर (कामासाठी किंवा शिक्षणासाठी राहती जागा सोडून दुसरीकडे जाणं). जाणारे बहुतेक तरुण असतात, म्हणून मनोऱ्याचा नेमका मधला भाग पोखरला जातो. डोकी तेवढीच राहतात. फावडं उचलू शकणारे हात मात्र कमी होतात.

एव्हाना सगळे भोवती जमले होते. कौतिकनानांनी वातावरण हलकं करायचा प्रयत्न केला.

"बरं पाहुणे, हात कमी झाले तर पाणीही कमी घेऊ. सगळ्यांनी थोडं थोडं सोसू. त्यात काय?"

"तसं होत नाही, नाना," पाहुणा म्हणाला. "साफसफाईला वेळ किती मिळतो? दार बंद आहे तेवढाच. हात कमी असले तरी वेळ वाढत नाही. तुम्ही बंधाऱ्यापासून सुरुवात करता आणि वेळ संपला की थांबता. म्हणजे वरच्यांना पूर्ण पाणी मिळतं आणि खालच्यांना अजिबात नाही. अशा कामाला एक उंबरठा संख्या असते (ज्याहून कमी माणसं असली की काम नुसतं कमी होत नाही, त्याचा शेवट गाठलाच जात नाही, ती संख्या). तुम्ही तिच्या खाली गेला आहात. आता माझ्याबरोबर चला."

तो पाटातून चालत चौथ्या फडातल्या शेवटच्या शेताच्या अलीकडे जाऊन उभा राहिला. यंदा पाणी इथे संपतं, असं त्याने सांगितलं. मग त्याने भटूंना विचारलं, की हे घर सुरतेला गेलं असं धरू का? भटूंनी मान खाली घातली. पाहुणा वळला आणि पाटातून वर चालू लागला.

तिसऱ्या फडाच्या मध्यावर तो थांबला. एक धडधाकट माणूस कमी झाला की पुढच्या वर्षी पाणी इथे संपेल. मग इथली शेतं सुकतील. इथली काही घरं गाव सोडतील. तो पुन्हा चालू लागला. लोक त्याच्यामागे चालत होते. वाळलेलं गवत पायांखाली मोडत होतं. दुसऱ्या फडाशी तो क्षणभर थांबला, पुन्हा निघाला, आणि शेवटी कौतिकनानांच्या हिरव्यागार उसासमोर येऊन उभा राहिला.

"साधारण दहा वर्षांनी," तो म्हणाला, "इथे."

नाना आपल्या उसाकडे बघू लागले. शेवटच्या शेताचं दुखणं हे शेवटच्या शेताचंच आहे, असं आजवर सगळ्यांना वाटत होतं. पाणी खाली जातं हे सगळ्यांना माहीत होतं. कोरड वर चढत येते हे कोणाच्या ध्यानात आलं नव्हतं.

चार्वी रडायच्या बेतात आली होती. आपण गाव सोडून जाऊ तेव्हा फक्त आपणच जाऊ, अशी तिची समजूत होती. आपल्या जाण्याने आणखी कोणाचं शेत सुकेल हे तिच्या मनातही आलं नव्हतं.

भटूंनी विचारलं, की केंद्राकडे गाळ काढायची यंत्रं असतात ना, ती का मिळाली नाहीत. पाहुण्याने सांगितलं, की यंत्रं थोडी आहेत. जिथे माणसं कमी पडतात त्या गावांना ती आधी जातात. पिंपळदरहून दर वर्षी पूर्ण हजेरी कळवली जात होती. आता खरी संख्या कळवली तरी यंत्र पुढच्या हंगामाआधी येणार नाही. आणि पाण्याची पाळी उद्याची होती.

सगळे परत बंधाऱ्याकडे आले, पण कोणी कामाला लागेना. भटू ढेकळांच्या मनोऱ्याकडे पाहत उकिडवे बसले. चार्वी त्यांच्याजवळ बसली. मधल्या ओळीत तिने अगदी थोडी ढेकळं ठेवली होती. थोडी, पण रिकामी नव्हती ती ओळ. मघाशी घरं आठवताना तिने ती ठेवली होती, पण आता ती एकेका ढेकळावर बोट ठेवून नाव आठवू लागली. पहिलं तिच्या आईचं. दुसरं मंगलाकाकूंचं. मग सिंधूमावशी. मग देवऱ्यांच्या दोघी सुना. वडिलांचं एक ढेकूळ सोडलं तर ती सगळी ओळ बायकांची होती.

तिने मान वर केली. त्या सगळ्याजणी समोरच चिंचेखाली बसल्या होत्या. साफसफाईच्या दिवशी त्या नेहमीच येत. भाकरी घेऊन.

"बाबा," चार्वी म्हणाली, "या मोजल्याच नाहीत."

भटूंना आधी कळलं नाही. मग कळलं, तेव्हा त्यांनी चिंचेकडे वळून पाहिलं. घरटी एक माणूस म्हणजे घरटी एक पुरुष, हे कोणी कधी ठरवलं नव्हतं. तसं आपोआप धरलं गेलं होतं. शेतात खुरपणी, पेरणी, कापणी करणाऱ्या त्याच. पुरुष शहरात गेल्यावर कित्येक घरांची शेती तर पुरी त्यांच्याच हाती होती. पण पाटात त्या उतरलेल्या नव्हत्या आणि फडाच्या बैठकीला बसलेल्या नव्हत्या. केंद्राला पाठवलेल्या हजेरीत भिंतीवरची फावडी होती, चिंचेखालच्या बायका नव्हत्या.

कुरकुर झालीच. बायकांनी पाटात उतरायचं म्हणजे काय, असं एकजण पुटपुटला. मंगलाकाकूंनी त्याला तिथूनच विचारलं, की मग भाकरी खाऊन तू चाळीसांचं काम करणार का.

दीपाली उठून भिंतीपाशी आली. एका फावड्याला तिने हात घातला आणि सुपडूआप्पांनी ते झटकन धरलं. ते त्यांच्या हिंमतचं होतं. त्यांचा मुलगा सुरतेला जाऊन वीस वर्षं झाली होती. दांडा दर वर्षी तेल लावून चकचकीत ठेवलेला होता.

"हे राहू दे," आप्पा म्हणाले. "हे हलवलं म्हणजे तो येणार नाही असं मीच म्हटल्यासारखं होईल."

दीपालीने जबरदस्ती केली नाही. तिने हात पुढे तसाच ठेवला.

"मला वापरायला द्या, आप्पा. हिंमतभाऊ आले की माझ्याकडून मागून घेतील."

आप्पांनी दांड्यावरून एकदा हात फिरवला. मग फावडं सोडलं. त्यांचे डोळे भरले होते, पण ते लगेच दुसरीकडे वळून हजेरी घेऊ लागले. या वेळी त्यांनी माणसाच्या खांद्याला हात लावून नाव घेतलं. दीपाली भदाणे आली. मंगला बोरसे आली. सिंधू खैरनार आली.

आणखी एक गोष्ट त्या दिवशी नव्याने झाली. कौतिकनाना म्हणाले, की आज काम खालून वर करत यायचं. माझ्याकडचा पाट राहिला तरी माझं पाणी अडत नाही. असं ते बोलले आणि स्वतः फावडं घेऊन चौथ्या फडाकडे चालू लागले. वाटेत भटू आप्पांच्या बरोबरीने चालत होते. दोघांत काय बोलणं झालं ते चार्वीला ऐकू आलं नाही. पण आप्पांचं फावडं भटूंच्या खांद्यावर होतं.

काम अंधार पडेपर्यंत चाललं. पाहुण्यानेही चारही पायांनी गवत तुडवलं. त्याचं वजन या कामी चांगलं उपयोगी पडलं.

उरलेला गाळ काढून होईपर्यंत चार्वी काठावर बसली होती. तिने पाहुण्याला विचारलं, की मग ती दहा वर्षांनंतरची गोष्ट आता खोटी ठरली ना. पाहुण्याने तिला खोटा दिलासा दिला नाही. या बायकाही म्हाताऱ्या होतील, आणि खालच्या ओळी अजून लहान आहेत. तेव्हा यंत्रं लागतील, कमी पाण्याची पिकं लागतील, आणि बाहेरून कोणी शेती करायला आलं तर त्याला जागा द्यावी लागेल.

"पण मी सांगितलं ते भविष्य नव्हतं," तो म्हणाला. "तो प्रक्षेप होता (आज चाललंय तसंच चालत राहिलं तर पुढे काय होईल, याचा हिशेब). तसंच चालू ठेवायचं की नाही, हे हिशेबात नसतं. ते माणसांकडे असतं."

दुसऱ्या दिवशी सकाळी दार उघडलं. दुपारपर्यंत पाणी आलं नाही. चार्वी, आई आणि बाबा बांधावर बसून होते. उन्हं कलली तेव्हा पाटाच्या तळाशी काहीतरी चमकलं. आधी वाळकी पानं आणि काड्यांचा एक फेसाळ गोळा सरकत आला, त्यामागे बोटभर पाणी, आणि मग भरून वाहणारं. सुपडूआप्पांनी बारी उघडली. भेगाळलेल्या मातीत पाणी शिरताना बुडबुड्यांचा आवाज येत होता.

भटू बराच वेळ त्या पाण्याकडे पाहत राहिले. मग त्यांनी दीपालीला विचारलं, की पुढच्या साली या फडात काय लावायचं, कांदा की हरभरा.

"ते मी एकटी कशी सांगू?" दीपाली म्हणाली. "सोमवारी फडाची बैठक आहे. मी जाणार आहे. तिथे ठरवू."

पुढच्या साली, असं बाबा म्हणाले होते. चार्वीने ते नीट ऐकलं, आणि चपला काढून ती ओल्या वाफ्यात उतरली.